बाटलीचा माग

रुग्णालयात काही विपरीत घडले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कोणी केले?’ हा प्रश्न विचारूच नये असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला तो विचारण्याचा पुरता हक्क आहे. पण एखादे नाव हाती लागले की आपण शांत होतो आणि ‘कसे घडले?’ हा दुसरा प्रश्न मागे राहून जातो. पहिल्या प्रश्नामुळे फार तर कुणाला शिक्षा होते. पुढच्या खाटेवरचा रुग्ण वाचतो तो दुसऱ्या प्रश्नामुळे. आज या दोन प्रश्नांचा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे. त्यात मुंबईतल्या दोन औषधांची गोष्ट आहे. एक प्लेगची लस, दुसरे ग्लिसरॉल. दोन्ही दुखण्यावर उतारा म्हणून दिली गेली आणि दोन्हींतून मृत्यू आला.

पहिली गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पाठोपाठ देशावर आला. आमच्या उंब्रज-कराडच्या बाजूला माझ्या लहानपणी म्हातारी माणसे ‘गाठीच्या साथी’च्या गोष्टी सांगत. गाव उठून रानात झोपड्या घालून कसे राहायचे, उंदीर मेलेला दिसला की घर कसे सोडायचे, हे त्यांनी त्यांच्या थोरल्यांकडून ऐकलेले असे. अशा काळात मुंबईत वाल्देमार हाफकिन आले. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू, काम केलेले पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन-चार महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वखुशीने पुढे आले, त्यांना टोचली.

लोक लशीला भीत होते. सरकारच्या सुईवर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांसमोर स्वतः टोचून घेतले, आपल्या अनुयायांना तयार केले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

अशीच एक बाटली पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी पोचली. तिचा क्रमांक ५३-एन. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी त्या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना या एका बाटलीतून टोचली होती. त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. बाकीच्यांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख होते. बाटली परळलाच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती. कार्बोलिक ॲसिडऐवजी ते उष्णता वापरू लागले होते. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत आधीच रूढ होती, पण इंग्रजी अमलात ती नवी. नवी म्हणून संशयास्पद. हाफकिन पदावरून गेले. ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. माणूस परका होता, त्याच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती, आणि नाव तर ठळक होते. आणखी खोलात जाण्याची गरज कुणाला वाटली नाही.

पण कागद उरले होते, आणि त्यात एक साधी नोंद होती. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरता निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतले मूलही सांगेल. शिवाय, बाटली परळला भरल्याला बरेच दिवस झाले होते. इतके दिवस जंतू आत वाढत असते तर बाटली उघडताच घाण वास सुटला असता. तसा वास आला नव्हता. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस या बाजूने उभे राहिले. त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची खुर्ची त्यांना मिळाली नाही, त्यांना कलकत्त्याला काम करावे लागले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. आज हाफकिन हे नाव आपण औषधांच्या संदर्भात सहज घेतो. त्या नावामागे पाच वर्षांचा कलंक होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

आता तुम्ही म्हणाल, मग दोष त्या मदतनिसाचा! मंडळी, इथेच आपण पुन्हा पहिल्या प्रश्नात अडकतो. चिमटा हातून पडणे यात दुष्टबुद्धी नाही. शंभरावर माणसांना टोचायचे आहे, साथ दारात आहे, अशा वेळी कुणाच्याही हातून चिमटा पडेल. उद्याही पडेल. पडलेल्या चिमट्याचे काय करायचे, आणि ते झाले की नाही हे दुसऱ्या कुणी पाहायचे, याची घडी बसलेली हवी. एका माणसाच्या सावधपणावर १९ जीव टांगलेले होते, ही खरी चूक. ती चूक त्या मदतनिसापेक्षा मोठी होती आणि हाफकिन यांना काढून ती दुरुस्त झाली नाही.

दुसरी गोष्ट त्याच आवारातली. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत प्लेगची लस तयार झाली, त्याला जोडलेले रुग्णालय म्हणजे जे. जे. रुग्णालय. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून उभे राहिलेले. गोरगरिबांचा शेवटचा आधार म्हणून आपल्या भागातली माणसेही पूर्वापार तिथे जात आली आहेत.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे काही रुग्णांची लघवी अचानक बंद झाली. मूत्रपिंडे निकामी होऊन एकामागून एक रुग्ण दगावू लागले. ज्यांचा मूळ आजार डोळ्यांचा किंवा डोक्याचा, त्यांची मूत्रपिंडे का बिघडावीत? साम्य एकच निघाले. त्यांना ग्लिसरॉल पाजले गेले होते. थंडीत ओठ फुटले की आपण लावतो, तेच ग्लिसरीन. मेंदूतला किंवा डोळ्यातला वाढलेला दाब उतरवण्यासाठी ते तोंडावाटे देतात. पण या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. हे कारखान्यात वापरायचे रसायन. ब्रेकच्या तेलातही ते असते. दिसायला ग्लिसरीनसारखेच, रंग नाही, चवीला गोडसर, हाताला दाटसर. किंमत मात्र कमी. ओळखायचे तर प्रयोगशाळेत नीट तपासावे लागते. १४ रुग्ण गेले.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. लेंटिन यांचे मोठेपण असे, की एक नाव हाती लागल्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी त्या ग्लिसरॉलचा माग काढला. ते कुणी पुरवले? पुरवणाऱ्याला परवाना कसा मिळाला? रुग्णालयाने ते कोणत्या रीतीने खरेदी केले? आत घेताना कुणी तपासले? अन्न व औषध प्रशासन काय करत होते? मंत्रालयातून कोणाच्या शिफारशी जात होत्या? मृत्यू दिसू लागल्यावर औषध थांबवायला वेळ का लागला? १९८७ मध्ये अहवाल पुरा झाला आणि पुढच्या वर्षी विधिमंडळासमोर आला. पुरवठादारापासून रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर त्यात कडक ताशेरे होते. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

त्या ग्लिसरॉलचा प्रवास डोळ्यांसमोर आणला की एक गोष्ट जाणवते. कारखान्यापासून रुग्णाच्या ओठापर्यंत वाटेत पाच-सहा दारे होती. प्रत्येक दारावर माणूस होता, पगारी आणि शिकलेला. प्रत्येकाने धरून चालले, की मागच्या दारावर कुणीतरी पाहिले असेल. पहिल्या दाराशी पैशाचा लोभ होता, हे खरे. पण जगात लोभी माणसे असणार, हे धरूनच तर पुढची दारे बांधायची असतात. वाड्याला एकच दरवाजा पुरत असता, तर वाडवडिलांनी आत दुसरी कडी कशाला लावली असती?

आणि हे विष काही नव्याने कळलेले नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचे गोड पातळ मिश्रण करण्यासाठी हेच डायएथिलिन ग्लायकॉल वापरले गेले. विकण्याआधी ते विषारी आहे का, हे कुणी तपासले नाही, कारण कायद्याने तपासणे सक्तीचे नव्हते. १०५ माणसे मेली, त्यांत कितीतरी लहान मुले. पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. आपला औषध कायदा १९४० चा. म्हणजे जे. जे.मधल्या त्या रुग्णांना ग्लिसरॉल पाजले गेले, तेव्हा त्या विषाची कहाणी ४९ वर्षे छापील पुस्तकांत होती. ज्ञान होते. ते त्या खाटेपर्यंत पोचले नव्हते.

लेंटिन यांच्या अहवालानंतर तरी हे संपले का? २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात साठहून अधिक मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या पातळ औषधांशी जोडला गेला. मग १ जून २०२३ पासून परदेशी पाठवायच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. तो नियम निर्यातीपुरता होता. देशातल्या बाटलीला तो लागू नव्हता. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. औषध तमिळनाडूत बनलेले होते. त्यात सापडले तेच डायएथिलिन ग्लायकॉल, जवळजवळ निम्मे. त्यांतली बरीच मुले उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलेली होती. जे. जे.नंतर ३९ वर्षांनी पुन्हा तीच लक्षणे. आधी लघवी बंद, मग मूत्रपिंड.

इथवर आपण बाटलीतल्या दोषाबद्दल बोललो. पण बाटली शुद्ध असूनही घात होतो. औषध बरोबर, माणूस चुकीचा. माणूस बरोबर, मात्रा चुकीची. आपल्या भागातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात जा. एकाच वॉर्डात दोन शेख, तीन पाटील आणि चार शिंदे असणे नवलाचे नाही. ‘शेख, गोळी घ्या’ म्हटले की दोघेही हात पुढे करणार. परिचारिकांना म्हणून तर शिकवतात, की पाच गोष्टी जुळल्याशिवाय औषध द्यायचे नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. आणि रुग्ण ओळखायचा तो नुसत्या नावाने किंवा खाटेच्या नंबराने नव्हे. नाव आणि त्याबरोबर केसपेपरचा नंबर किंवा जन्मतारीख, अशा दोन खुणा तरी जुळल्या पाहिजेत.

मी कविता लिहिणारा माणूस. एक मात्रा कमी-जास्त झाली की ओळ लंगडते, हे मला ठाऊक आहे. पण ओळ लंगडली तर कुणी मरत नाही. औषधाच्या चिठ्ठीत एक टिंब हुकले तर मात्रा दहापट होते. म्हणून जगभर आता असा दंडक आहे, की अर्धा लिहायचा तर टिंबाआधी शून्य लिहावे आणि पूर्ण पाच लिहायचे तर पुढे टिंब-शून्य लावू नये. टिंब पुसट झाले तर अर्ध्याचे पाच आणि पाचाचे पन्नास होतात. औषधांची नावेही जुळ्या भावंडांसारखी असतात. २०१६ मध्ये त्या वेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला, की औषधाचे मूळ नाव स्वच्छ वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे. तसेच पोटॅशियम क्लोराइडचे. त्याचे तीव्र द्रावण पाण्यासारखे दिसते, आणि ते थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. त्यावर जगभर सांगितलेला उपाय असा, की ते वॉर्डातल्या कपाटात ठेवूच नये. ‘जपून वापरा’ एवढ्या सूचनेवर न थांबता चुकायची संधीच काढून घेणे, हा त्यातला विचार.

शस्त्रक्रियेतल्या चुकांवर जो उपाय जगभर गेला, त्याचा एक धागा विदर्भात पोचतो. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेला गेले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे बोस्टनला शल्यचिकित्सक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनमधले मृत्यू कमी करायचे काम त्यांच्याकडे दिले, तेव्हा त्यांनी वैमानिकांकडे पाहिले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी, म्हणजे मुल्कोवालच्याच तारखेला, अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीत कोसळले होते. विमान बिघडलेले नव्हते आणि वैमानिक कसलेला होता. पण एक खटका सोडायचा राहिला होता. तेव्हापासून वैमानिक उड्डाणाआधी यादी वाचतात. कितीही अनुभव असला तरी वाचतात.

गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. २००८ मध्ये ती जाहीर झाली. ती तीनदा वाचायची असते. भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. रुग्ण हाच ना? बाजू डावी की उजवी? कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? कापूस-पट्ट्या आणि हत्यारे मोजली का? त्यात एक मुद्दा असाही आहे, की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. हे वरवर पोरकट वाटते. पण ज्या सिस्टरने सुरुवातीला तोंड उघडले, ती पुढे चूक दिसली तर बोलायला कचरत नाही. ही यादी आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यात दिल्लीचे सेंट स्टीफन्सही होते. शंभरात सरासरी दीड रुग्ण मरत होता, ते प्रमाण शंभरात ०.८ वर आले. गुंतागुंत होण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही की नवे औषध नाही. फक्त एक कागद, आणि तो मोठ्याने वाचण्याची शिस्त.

या कागदाचीही एक मर्यादा आहे. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ही यादी सक्तीची केली. २०१४ मध्ये निकाल आला. मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. कुठे काय कमी पडले, यावर तज्ज्ञांची चर्चा बरीच झाली. मला त्यातले एक म्हणणे पटते. वरून आला म्हणून भरलेला कागद आणि विचारावेसे वाटले म्हणून विचारलेला प्रश्न, हे एक नव्हे. मान खाली घालून रकाने भरत गेलो तर यादी म्हणजे आणखी एक दार, ज्यावर माणूस आहे पण पाहत कुणी नाही.

मग आपले काय काम? आमचे उंब्रज कृष्णा आणि तारळीच्या काठी, हमरस्त्यावर. आजारी माणूस घेऊन आम्ही कराडला जातो, साताऱ्याला जातो, फारच झाले तर मिरजेला. जाताना भाकरी बांधून घेतो, पैशांची जुळणी करतो, सोबतीला दोन माणसे घेतो. प्रश्न मात्र बरोबर नेत नाही. डॉक्टर म्हणजे देव, देवाला काय विचारायचे? पण देवाच्या दारातही आपण नाव आणि गोत्र सांगतोच की. रुग्ण कोणकोणती औषधे घेतो ती एका कागदावर लिहून नेणे, कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठले होते ते आधी सांगणे, सुई टोचताना ‘सिस्टर, हे कशाचे आहे?’ असे नम्रपणे विचारणे, ऑपरेशनला नेताना पाय कोणता ते रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगणे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. औषधाच्या वाटेवरचे शेवटचे दार रुग्णाचे आणि त्याच्या नातलगांचे असते. त्यावर आपण उभे राहायचे.

आणि डॉक्टरांनी, परिचारिकांनीही या प्रश्नाचा राग मानू नये. चूक सांगणाऱ्याला आपण हाफकिनसारखे आधी घराबाहेर काढणार असू, तर कुणीही चिमटा पडल्याचे सांगणार नाही. तो गुपचूप उचलेल आणि पुढचे बूच काढेल. रुग्णालयात कागद फाडून टाकण्याची आणि भिंती फोडण्याची, या दोन्ही सवयी एकाच भीतीतून येतात. जाणूनबुजून केलेल्या पापाला शिक्षा झालीच पाहिजे, लेंटिन यांनी ती भीड ठेवली नाही. पण हातून झालेली चूक सांगण्याची जागा मोकळी ठेवली, तरच ती पुन्हा होणार नाही. मुल्कोवालच्या १९ जणांचे काय झाले ते आपल्याला कळले, कारण पडलेल्या चिमट्याची नोंद कुणीतरी खरेपणाने केली आणि ती जपून ठेवली.